जुन्या गाडीचं खरं वर्ष कसं ओळखायचं? सौद्याआधी तीन पुरावे जुळवा



आपल्या राहू बेटात ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत. आणि एखाद्या गुऱ्हाळामागच्या शेडमध्ये, पाचटाच्या ढिगाशेजारी, ताडपत्रीखाली एखादी जुनी जीप किंवा फियाटही उभी असते. इकडे यवत, केडगाव, तिकडे न्हावरा, शिरूर, कुठेही गेलात तरी हेच चित्र. गेल्या काही वर्षांत या गाड्यांना गिऱ्हाईक यायला लागलंय. कुणाला हॉटेलसमोर उभी करायला पाहिजे, कुणाला प्री-वेडिंग शूटसाठी, कुणाला हौस म्हणून.

अशा सौद्यात पहिला प्रश्न एकच असतो: गाडी कोणत्या सालची? मालक सांगतो, "आमच्या आजोबांच्या काळातली." एजंट सांगतो, "चाळीस-बेचाळीसची आहे, महायुद्धातली." एका सालाच्या फरकानं किंमत हजारोंनी नाही, लाखांनी हलते. आणि ५० वर्षं पूर्ण आहेत की नाहीत, यावर कायद्यात गाडी कुठे बसते तेही ठरतं. म्हणून आजचा विषय हाच. ज्यांना जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत, रिपेअरिंगमध्ये किंवा पार्ट्समध्ये उतरायचंय, त्यांनी हे नीट वाचा.

आधी समजून घ्या: "साल" तीन प्रकारचं असतं

एक, गाडी कारखान्यात बनली ते साल. दोन, कंपनीनं ज्या सालचं मॉडेल म्हणून ती विकली ते साल. तीन, आरटीओत पहिल्यांदा नोंद झाली ते साल. ही तिन्ही एकच असतील असं समजू नका.

अमेरिकन गाड्यांमध्ये पुढच्या सालचं मॉडेल आदल्या वर्षीच्या शेवटी-शेवटी बाजारात यायचं. म्हणजे १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये बनलेली गाडी १९३७ चं मॉडेल असू शकते. दोन्ही आकडे खरे, पण अर्थ वेगळे.

आपल्या मुंबईचं उदाहरण घ्या. प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन २००१ च्या सुमारास थांबलं. पण मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली ऑक्टोबर २००३ मध्ये. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली आणि पेपरात बातम्या आल्या. आता समजा, फक्त आरसी बघून कुणी म्हणालं की "पद्मिनी २००३ मध्ये बनत होती", तर ते चूक. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष आणि नोंदणीची तारीख असे दोन वेगळे रकाने असतात. दोन्ही वाचा.

नावातला आकडा म्हणजे साल नाही

कोल्हापूरला दसऱ्याच्या सोहळ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक बाहेर पडते. ती बघायला लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असतात. मेबॅकच्या त्या काळातल्या एका मॉडेलचं नाव एसडब्ल्यू ३८. ऐकणारा पटकन म्हणेल, ३८ सालची. पण तो ३८ म्हणजे ३.८ लिटरचं इंजिन. हे मॉडेल १९३६ पासूनच बनत होतं. तसंच फियाट ११०० मधला ११०० हा इंजिनाच्या सीसीचा आकडा. म्हणून बॅजवर किंवा मागच्या पत्र्यावर आकडा दिसला की लगेच त्याला साल समजू नका.

पुरावा पहिला: गाडीचं अंग

अंगावरून नेमकं साल क्वचितच कळतं. पण "ही गाडी अमुक सालाच्या आधीची असूच शकत नाही" हे पक्कं सांगता येतं. खोटा दावा तिथेच उघडा पडतो.

*जीप.* आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ हिचाच. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून साधारण साडेसहा लाख जीप बनवल्या. पत्र्याची दाबलेली जाळी असलेल्या युद्धातल्या जीपला पुढे ९ उभ्या फटी असतात. हेडलाइट छोटे आणि जाळीच्या आत बसलेले. मागे फाळका नाही, स्टेपनी मागच्या बाजूला. युद्धानंतर नागरिकांसाठी निघालेल्या सीजे मालिकेत ७ फटी, मोठे हेडलाइट आणि मागे उघडणारा फाळका. सीजे-२ए ची पुढची काच दोन भागांत, १९४९ ला आलेल्या सीजे-३ए ची एकसंध. १९५३ ला सीजे-३बी आली. तिचं इंजिन उंच, म्हणून बॉनेट आणि जाळीही उंच. लांबूनच ओळखू येते.

महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला विलीज जीपची जोडणी सुरू केली. सीजे-३बी चं अमेरिकेतलं उत्पादन १९६८ ला थांबलं, तरी महिंद्रानं ती घडण पुढे कित्येक वर्षं चालू ठेवली. त्यामुळे उंच बॉनेटची जीप कुणी बेचाळीसची सांगत असेल, तर तुमचं काम दहा सेकंदात झालं.

युद्धातली जीप विलीजची की फोर्डची, हे कळायलाही एक खूण आहे. चासीचा अगदी पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड. फोर्डनं तर बोल्टच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी एफ ठोकलेला असायचा.

*फियाट.* वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनं मुंबईत कुर्ल्याला फियाट बनवली. पन्नाशीच्या दशकातल्या गोलमटोल ११०० ला लोक "डुक्कर फियाट" म्हणायचे. १९६४ ला ११०० डी म्हणजे डिलाइट आली. सत्तरच्या दशकात नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. दार उघडून बघा. जुन्या फियाटचं पुढचं दार उलटं उघडतं, बिजागऱ्या मागच्या बाजूला. पद्मिनीचं दार आजच्या गाड्यांसारखं उघडतं.

*अॅम्बॅसेडर.* १९५४ ला लँडमास्टर, मग १९५७-५८ ला अॅम्बॅसेडर. १९६२ ला मार्क टू बारीक चौकटीच्या जाळीसह आली, १९७५ ला मार्क थ्री, १९७९ ला मार्क फोर. इथे सावध राहा. जाळी चार बोल्टांवर बसते. मार्क वनला मार्क टूची जाळी लावलेली किंवा जुन्या जाळीखाली नवी गाडी, दोन्ही सापडतं.

*फोर्ड.* राजवाड्यातल्या आणि जुन्या वाड्यांतल्या गाड्यांत मॉडेल टी आणि मॉडेल ए दिसतात. मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी बनली. पितळी रेडिएटर १९१६ पर्यंतच, १९१७ च्या मॉडेलपासून काळं कव्हर. मॉडेल ए ची चाकं मोजा: १९२८-२९ ला २१ इंची, १९३०-३१ ला १९ इंची.

पुरावा दुसरा: ठोकलेले नंबर

अंग बदलता येतं, नंबर बदलणं अवघड असतं. तीन ठिकाणी बघा.

१. चासी नंबर. युद्धातल्या विलीज जीपवर तो डाव्या चासीच्या आतल्या बाजूला, पुढच्या बंपरमागे पट्टीवर असतो. फोर्डच्या जीपवर डाव्या चासीच्या वरच्या अंगाला ठोकलेला असतो. कारमध्ये बहुतेक वेळा बॉनेट उघडल्यावर इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर पट्टी सापडते. माती, ग्रीस, रंगाचे थर असतील तर केरोसिन आणि फडकं वापरा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात नको. घासलेला नंबर पुढे कुणीच मानत नाही. नंबर स्वच्छ झाला की पासिंगला घेतात तसा कागदावर पेन्सिलनं छाप घ्या.

२. इंजिन नंबर. हा चासी नंबरपेक्षा वेगळा असू शकतो, पण आरसीवरच्या इंजिन नंबरशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर इंजिन बदललंय असं धरून चाला.

३. पार्ट्सवरच्या तारखा. जुन्या लुकास कंपनीच्या डायनॅमो, डिस्ट्रिब्युटरवर महिना-वर्ष ठोकलेलं असायचं. काही इंजिन ब्लॉकवर ओतकामाची तारीख उठावदार अक्षरांत असते. युद्धातल्या जीपला डॅशबोर्डवरच्या कप्प्याच्या दारावर धातूच्या पट्ट्या असतात, त्यावर लष्कराला दिल्याची तारीख असते. मात्र अशा पट्ट्यांची नक्कल विकत मिळते. चकचकीत नवी पट्टी आणि नवे रिव्हेट दिसले तर ती पुराव्यात धरू नका.

पार्ट्सच्या तारखेचा हिशोब असा: ओतकामाची तारीख गाडीच्या थोडी आधीची असते. सात-आठ मूळ पार्ट्सवर एकाच वर्षाच्या आसपासच्या तारखा निघाल्या तर भरवसा वाढतो. एकटाच पार्ट दहा वर्षं पुढचा असेल, तर तो नंतर बदललेला. टायरवरची तारीख टायरचं वय सांगते, गाडीचं नाही.

आणखी एक. मोबाईलवर चासी नंबर टाकून साल सांगणारी साइट या गाड्यांना उपयोगी नाही. १७ अक्षरांचा प्रमाण नंबर अमेरिकेत १९८१ मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. तिथे जुना पार्ट्स कॅटलॉग आणि कंपनीची नंबर-यादीच लागते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरा, जुनी मॅन्युअल्स कधी कधी हाताला लागतात. ती रद्दी नाही, तुमचं भांडवल आहे.

पुरावा तिसरा: कागद

नंबर प्लेट बघा. आजची एमएच मालिका १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची, तो कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे अंक असे नंबर असायचे. मुंबई राज्याच्या काळात ते बी ने सुरू व्हायचे. १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर एम ने सुरू होणाऱ्या मालिका आल्या. म्हणून बी चा नंबर साधारण साठच्या आसपासचा किंवा त्याआधीचा इशारा देतो. पण इशाराच. परराज्यातून आलेल्या गाडीला इथे नवा नंबर मिळालेला असू शकतो. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जीपची नागरी नोंद तर बनल्यानंतर कित्येक वर्षांनी झालेली असते.

आरसी बुक, जुन्या टॅक्सच्या पावत्या, विम्याचे कागद, पहिलं बिल, घरातला तारीख असलेला फोटो, सगळं मागा. आरसी हरवली असेल तर मालकानं स्वतः संबंधित आरटीओकडे नोंदणीच्या तपशिलासाठी अर्ज करावा. गरज पडली तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात जुन्या रजिस्टरची नोंद मागता येते. आपला दौंड तालुका आज बारामतीच्या एमएच ४२ मध्ये येतो आणि शिरूर पुण्याच्या एमएच १२ मध्ये. जुनी गाडी कोणत्या कार्यालयात नोंदली होती ते आधी बघा, नाहीतर हेलपाटे पडतील.

गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. साध्या विक्रीला फॉर्म २९ आणि ३०. वारसनोंद न करता झालेला सौदा पुढे भाऊबंदकीत अडकतो, हे गावाकडे वेगळं सांगायला नको.

५० वर्षांचा नियम

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली, अशी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांपुढे व्हीए येतं.

आता यातली दोन वाक्यं अधोरेखित करा. एक, ५० वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून, बनल्यापासून नाही. दोन, विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठी नेणं-आणणं, एवढ्यासाठीच. म्हणजे "व्हीए नंबर घेतो आणि लग्नाला भाड्यानं देतो" हा प्लॅन कागदावरच बाद. साध्या पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्यानं देणंही नियमात बसत नाही.

जाता जाता: क्लबच्या भाषेत "विंटेज" याचा अर्थ वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत १९१९ ते १९३० च्या गाड्यांनाच विंटेज म्हणतात. मुंबई-पुण्याचा जाणकार संग्राहक तुमच्या ७० च्या फियाटला विंटेज म्हणणार नाही. गिऱ्हाइकाशी बोलताना कोणत्या अर्थानं बोलताय ते स्पष्ट करा.

एक सौदा, जो थांबला

आमच्या बॅचमधला एक मुलगा. बेटातल्याच एका तात्यांची जीप घ्यायची ठरवून आला. "सर, बेचाळीसची वॉर जीप आहे. साडेचार लाख म्हणतात. प्री-वेडिंगला दिवसाला पाच हजार भाडं मिळेल." आईच्या बचत गटाचं कर्ज आणि थोडं सोनं, अशी पैशाची सोय झालेली. टोकन द्यायचं बाकी होतं.

त्याला म्हटलं, टोकन परवा दे, उद्या आपण बघून येऊ.

जीप शेडमधून बाहेर काढली. बॉनेट उंच. फटी सात. मागे फाळका. म्हणजे घडण सीजे-३बी ची, १९५३ च्या आधीचा प्रश्नच नाही. तात्यांनी पिशवीतून आरसी बुक काढलं. उत्पादन आणि नोंदणी दोन्ही १९७१. चासी नंबरचा छाप घेतला, आरसीशी जुळला. गाडी खरी होती, कागद खरे होते. पण आरसीवर इंधन पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन. इंजिन नंबर अर्थातच वेगळा, आणि बदलाची नोंद कुठेच नाही.

मुलानं विचारलं, "तात्या, इंजिन कधी बदललं?"

तात्या म्हणाले, "अरे बाळा, पेट्रोल परवडत होतं का तेव्हा? वडिलांनीच बदललं. आणि बेचाळीसची असं तेच सांगायचे. मिलिटरीतल्या माणसाकडून घेतली होती ना."

तात्यांनी फसवलं नव्हतं. ऐकलेलं सांगितलं होतं. गावाकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांची गोष्ट अशीच असते. पण मुलाचा हिशोब तिथेच बदलला. गाडी २९ वर्षांनी तरुण निघाली. ५० वर्षं पूर्ण होती, पण इंजिन मूळ नाही, म्हणून विंटेज नोंदणीला अडचण. बदलाची नोंद नाही, म्हणून साध्या नूतनीकरणालाही अडचण. आणि भाड्याचा प्लॅन तर नियमातच नव्हता. शिवाय आरसी अजून तात्यांच्या वडिलांच्याच नावावर.

सौदा झाला नाही. बचत गटाचं कर्ज उचललंच नाही, सोनं घरात राहिलं. दोन आठवड्यांनी तात्यांनीच त्याला फोन केला: "एवढं सगळं तू शोधलंस, तर आता कागद सरळ करायला काय काय लागतं ते लिहून देशील का?"

यातला धंदा कुठे आहे?

तात्यांच्या त्या प्रश्नात. जुनी गाडी विकत घेऊन ठेवायला लाखो रुपये लागतात. तिची ओळख पटवून द्यायला लागतो मोबाईलचा कॅमेरा, टॉर्च, पेन्सिल, कागद आणि अभ्यास. मी याला "ओळख फाइल" म्हणतो. तिच्यात काय असावं:

- गाडीचे चारही बाजूंचे फोटो, जाळी, दार, डॅशबोर्ड, काचेवरचे शिक्के
- चासी आणि इंजिन नंबरचे छाप, फोटोसह
- मूळ पार्ट्सवरच्या तारखांची यादी
- कागदांच्या प्रती आणि कोणता कागद कमी आहे त्याची यादी
- निष्कर्षाचं एक पान

निष्कर्षाच्या पानावर तीन रकाने करा: पक्कं, बहुतेक, तोंडी. "चासी नंबर आरसीशी जुळतो" हे पक्कं. "बॉडी त्याच काळातली" हे बहुतेक. "आजोबांनी मिलिटरीकडून घेतली" हे तोंडी. तिसऱ्या रकान्यातलं कधीच पहिल्यात ढकलू नका, मालकानं कितीही आग्रह केला तरी. या धंद्यात तुमचं नाव त्यावरच टिकतं.

हिशोब समजायला एक उदाहरण घेऊ. फाइलचे ३,००० रुपये घेतले. पेट्रोल ४००, फोटो-प्रिंट-बाइंडिंग ३००, झेरॉक्स-पोस्ट-अर्ज १५०. खर्च ८५०, उरले २,१५०. काम दोन दिवसांचं धरा, म्हणजे दिवसाला १,०७५ रुपये. यावर घर चालणार नाही, पण गॅरेज, पार्ट्सचं दुकान किंवा फोटोग्राफीला जोडधंदा म्हणून चांगलं बसतं. फी मात्र ठरावीक ठेवा. गाडीच्या किमतीवर टक्केवारी घेतली की साल जुनं दाखवायचा मोह तुम्हालाच होईल.

विक्रीत उतरलात तर बिलावर आणि जाहिरातीत तेवढंच लिहा जेवढं दाखवता येतं. "वॉर जीप, १९४२" ऐवजी "जीप, सीजे-३बी घडण, आरसीनुसार १९७१, डिझेल इंजिन नंतर बसवलेलं." कमी आकर्षक वाटेल. पण असं वाचून आलेलं गिऱ्हाईक गाडी बघितल्यावर परत जात नाही.

आणि एक गोष्ट कधीच करायची नाही: पुसट नंबर "स्पष्ट" करायला पंच घेऊन पुन्हा ठोकायचा नाही. आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय ते केलं तर मालक आणि तुम्ही दोघंही पोलीस केसमध्ये.

या आठवड्याचा अभ्यास

तुमच्या गावातली एक जुनी गाडी निवडा. विकत घ्यायची नाही, फक्त ओळखायची. मालकाची परवानगी घ्या, चहा घ्या, आणि वरच्या तीन पुराव्यांवरून एक पान लिहा. अंग काय सांगतं, नंबर काय सांगतो, कागद काय सांगतो. तिन्ही एकाच सालाकडे बोट दाखवत असतील तर ते साल लिहा. नसतील तर कुठे जुळत नाही ते लिहा. गिऱ्हाईक पैसे देतं ते त्या दुसऱ्या वाक्यासाठीच.

पान तयार झालं की फोटो काढून ग्रुपवर टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातली काही पानं आपण सगळे मिळून तपासू. गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव मात्र झाकून पाठवा.